भाकड

गुरांच्या बाजारात पहिल्यांदाच जाणाऱ्या माणसाच्या एक गोष्ट लवकर ध्यानात येते. तेथे ‘गाय’ नावाचे जनावर विकायला आलेलेच नसते. कालवड येते, पहिलारू येते, दुसऱ्या वेताची येते, गाभण येते, ताजी व्यालेली येते, आटलेली येते आणि भाकड येते. नुसती गाय असते ती आमच्या शाळेतल्या निबंधात. तिला चार पाय, दोन शिंगे आणि एक शेपूट असते व ती आपल्याला दूध देते. बाजार इतके ढोबळ बोलत नाही. बैलाचेही तसेच. गोऱ्हा वेगळा, खोंड वेगळा, वळू वेगळा; औताचा बैल निराळा, बंडीचा निराळा, शंकरपटात पळणारा तर अगदीच निराळा. धानाच्या बांधीत चिखल करायला लागतो तो हाल्या. त्याची पारख करणारी माणसेही निराळी.

चिमूर म्हटले की बाहेरच्या माणसाला बेचाळीसचा ऑगस्ट आठवतो, नाही तर श्रीहरी बालाजीची घोडायात्रा आठवते, आणि अलीकडे कोलाऱ्याच्या फाटकातून ताडोबात वाघ पाहायला शिरणाऱ्या गाड्या आठवतात. गुरे कोणालाच आठवत नाहीत. पण एका अंगाला कापूस-सोयाबीनची काळी जमीन आणि दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या व जंगल, अशा या पट्ट्यात शेकडो वर्षे माणसाचे पोट गुरांच्या खांद्यावरच चालत आले आहे, आणि त्यांच्याविषयी येथल्या भाषेत जेवढे शब्द आहेत तेवढे माणसांविषयीदेखील नसतील.

या शब्दांमागचे ज्ञान सामान्य नाही. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या जबड्यात आठ असतात, आणि जनावराचे वय त्या आठांत लिहिलेले असते. दुधाचे दात असेतो जनावर आदत. दोन वर्षांच्या सुमारास मधली जोडी पडून पक्के दात येतात, तो झाला दोनदाती. मग चारदाती, मग सहादाती, आणि चार-साडेचार वर्षांला आठही पक्के झाले म्हणजे तोंड जुळले. पुढे दात झिजत जातात आणि वय सांगणे हे अंदाजाचे काम होते. मग गाईच्या शिंगांवरच्या वळ्या मोजून वेते काढायची. अर्थात त्या वळ्या कानशीने घासून गाईला पुन्हा तरुण करणारे व्यापारीही असतातच. (म्हातारपण लपविण्याची हौस त्या बिचाऱ्या गाईला नसते, हे येथे नमूद केले पाहिजे.) शिवाय मारका कोणता, औतात मधेच बसणारा कोणता, डाव्या अंगाला चालणारा कोणता, उजव्या अंगाला कोणता, कोणाचा भोवरा कोठे आहे, हे सारे पाहायचे. भोवऱ्याच्या शुभाशुभावर माझा विश्वास नाही. पण ज्याला वर्षाचे शेत एका जोडीवर काढायचे आहे, त्याने चार गोष्टी अधिक पाहिल्या तर त्याला हसण्याचा अधिकार पगारदार माणसाला नाही.

येथवर हे वर्गीकरण मला निर्मळ वाटते. दात आहेत की नाहीत, गाय गाभण आहे की नाही, ही जनावराच्या अंगची गोष्ट आहे. कोणीही यावे, तोंड उघडून पाहावे. पण थोडे पुढे गेले की शब्दांचा स्वभाव बदलू लागतो. जोडीचेच घ्या. एकमेकांशी जमलेल्या दोन बैलांची किंमत सुट्या दोन बैलांच्या बेरजेहून अधिक असते, हे कोणीही शेतकरी सांगेल. त्यांतला एक साप चावून मेला, तर उरलेला त्याच रात्री खालच्या प्रतीत जातो. त्याचे दात तेच, खूर तेच, खांदाही तोच. त्याच्यात काडीचाही फरक पडलेला नाही. फरक गोठ्यात पडला आहे. तरीही बाजारात जाऊन आपण त्याच्याच अंगाला हात लावून म्हणतो, ‘एकटा आहे, किंमत कमी येईल.’

भाव ठरविण्याची जुनी रीत पुष्कळांनी पाहिली असेल. दलाल आणि गिऱ्हाईक दुपट्ट्याखाली हात घालतात आणि बोटांच्या खुणांनी बोलतात. बाहेर उभ्या असलेल्यांना कापडाची हालचाल तेवढी दिसते. व्यवहार गुप्त राहावा म्हणून ही रीत, असे सांगतात आणि ते खरेही आहे. पण त्या दुपट्ट्याने आणखी एक सोय होते. कोण घेतो आहे, कशासाठी घेतो आहे, पुढे कोठे नेणार आहे, हे प्रश्न विचारायला तोंडच उरत नाही. म्हातारी गाय विकणारा मनुष्य त्या वेळी बहुधा दुसरीकडे पाहत असतो. मी त्याला नावे ठेवीत नाही. त्याने काय पाहायचे नाही हे त्याला चांगले कळते, एवढेच म्हणतो.

आता भाकड या शब्दाकडे वळू. मराठीत ज्या गोष्टीत काही तथ्य नाही तिला आपण भाकडकथा म्हणतो. म्हणजे शब्दाने गोठा सोडून पार वाङ्मयापर्यंत मजल मारली आहे. पण मुळात तो गाईविषयी तरी काय सांगतो? गाभण म्हणजे तिच्या पोटात वासरू आहे. पहिलारू म्हणजे तिचे पहिलेच वेत आहे. भाकड म्हणजे काय? तिची भांड्यात धार पडत नाही. हा शब्द आपल्या भांड्याविषयी बोलतो आणि चिकटतो मात्र गाईला. गाय तीच चालते, चरते, उन्हाची सावलीत बसते, पावसाच्या आधी शेपूट वर करून धावते. तिच्या स्वतःच्या लेखी तिचे आयुष्य कोठेही आटलेले नसते. शिवाय भाकड दोन तऱ्हेच्या, आजची भाकड आणि कायमची भाकड. बाजारातल्या जाणत्याला त्यांतला फरक कळतो. तथापि जेठात कोठ्यातली वैरण संपली आणि बियाण्याला पैसा हवा असला, म्हणजे आजची भाकडही कायमची ठरते. त्या वर्षी जिची वैरण पुरली तिची बहीण शेजारच्या गोठ्यात पुन्हा गाभण राहते. दोघींतला फरक वैरणीच्या ढिगात होता.

मला येथे कठोपनिषदाची आठवण होते. माझे संस्कृत शाळेतल्या शंभर मार्कांपुरतेच. पण ही गोष्ट समजायला तेवढे पुरते. वाजश्रवस नावाच्या गृहस्थाने सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला. दक्षिणेच्या गाई निघाल्या तेव्हा त्याच्या पोराने, नचिकेताने, पाहिले की या तर अशा गाई आहेत, ज्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध काढून झाले आणि आता ज्यांना वासरू होणे नाही. मृत्यू, आत्मा, श्रेय आणि प्रेय यांविषयीचा आपल्या परंपरेतला एवढा थोर संवाद सुरू होतो तो भाकड गाईंवरून! वर्गात ही गोष्ट सांगताना आपण यमाच्या दारातल्या तीन रात्रींकडे घाईने जातो आणि त्या गाईंना मागे सोडून देतो.

नचिकेताचे नेमके काय बिनसले? गाई म्हाताऱ्या झाल्या हा काही कोणाचा दोष नाही. गाई दान दिल्या हाही नव्हे. ज्या ठेवण्याचा खर्च होता त्या बापाने देऊन टाकल्या आणि त्याला दान म्हटले, हे त्या पोराला खुपले. खर्च दुसऱ्याच्या दारात आणि पुण्य आपल्या खात्यावर. आणि मग त्या मुलाने जे केले ते मला फार धारदार वाटते. सर्वस्वच द्यायचे तर मीही तुमचाच. मला कोणाला देणार, असे त्याने एकदा, दोनदा, तीनदा विचारले. बाप चिडून यमाचे नाव घेतो तेव्हा पोरगा आपली प्रत कोणती, पहिली की मधली, याचा विचार करू लागतो. जेथे एकदा प्रत लावायला सुरुवात झाली तेथे रांगेत आपणही उभे आहोत, हे त्याच्या लक्षात आले. मी मास्तर आहे. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, काठावर पास असे ढीग दर वर्षी लावतो. ढीग लावल्यावाचून शाळा चालत नाही, बाजार तर मुळीच चालत नाही. तेव्हा प्रत लावूच नये असले काही मला म्हणायचे नाही. प्रश्न शेवटच्या ढिगाचा आहे. तो लावणाऱ्याने तेथे आपले नाव लिहायचे की नाही?

आपल्या कायद्यानेही हाच प्रश्न दीर्घकाळ चघळला आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडचा जनावरांच्या रक्षणाचा कायदा १९४९ चा. बिहार व उत्तर प्रदेशच्या कायद्यांबरोबर तोही सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि १९५८ साली निकाल लागला : गाई-वासरांच्या हत्येला पूर्ण बंदी योग्य, बैल, वळू, म्हशी यांना मात्र उपयोगी असेतोवर संरक्षण, उपयोग संपल्यावर सरसकट बंदी नको. महाराष्ट्राने १९७६ साली स्वतःचा कायदा केला. त्यात बैलासाठी दाखला लागे. औताला, पैदाशीला किंवा अन्य तऱ्हेने तो फायद्याचा उरलेला नाही, असे अधिकाऱ्याने लिहून द्यायचे. म्हणजे बाजारातला तो शेवटचा शब्द सरकारी शिक्क्यानिशी कागदावर आला. पुढे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने जुना विचार फिरविला. म्हातारे जनावरही शेण-मूत देते, तेव्हा ते निरुपयोगी नव्हेच, असे ठरले. महाराष्ट्रात बैलांच्याही हत्येला बंदी घालणारी दुरुस्ती १९९५ सालची. तिला राष्ट्रपतींची संमती मिळून ती अमलात आली २०१५ साली.

आता कायद्याच्या पुस्तकात निरुपयोगी बैल उरला नाही. गोठ्यात तो उरलाच आहे. तीनशे किलोच्या जनावराला रोज सहा-सात किलो तरी सुका चारा लागतो. ट्रॅक्टर आला तशी औताची जोडी कमी झाली. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणना ताडून पाहिल्या तर देशात गाईंची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली आणि बैल-गोऱ्ह्यांची सुमारे ३० टक्क्यांनी घटली. त्याच २०१९ च्या गणनेत मोकाट गुरे सुमारे पन्नास लाख निघाली. मोकाट ही प्रत जुन्या बाजारात नव्हती, कारण मोकाट जनावराला विकणाराही नसतो आणि घेणाराही नसतो. रात्री चिमूर-वरोरा रस्त्याने जाताना डांबरावर बसलेली ही जनावरे दिव्याच्या झोतात एकदम समोर येतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दररोज पन्नास रुपये देण्याचे ठरविले. ही मदत मी लहान मानीत नाही. पण ती गोशाळेतल्या गाईला आहे. गरिबाच्या गोठ्यात ती म्हातारी होत असेल तर नाही. बैलालाही नाही. गाय विकू नये, मारू नये, सोडू नये, असे सांगणारे आपण पुष्कळजण तिच्या चाऱ्याचा विषय निघाला की दुपट्ट्याखाली हात घालतो. वाजश्रवसाने निदान स्वतःच्या गाई दिल्या होत्या. आपण दुसऱ्याच्या गोठ्यातल्या गाईचे पुण्य घेतो.

शेजारच्या वर्ध्याने या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने गोसेवेलाच दिले होते. पण मला आठवते ती गांधीजींची त्यापूर्वीची एक कृती, १९२८ सालची. साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत पडले होते. त्यांनी डॉक्टरकडून सुई देववून त्याचा अंत करविला आणि ते उघडपणे लिहिले. देशभर गहजब झाला. ते बरोबर होते की चूक, यावर दिवाळीच्या फराळाभोवती दोन तट पडतील आणि पडावेत. माझे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे जाते. त्या निर्णयात वासरू उपयोगाचे की बिनउपयोगाचे, हा हिशोब कोठेच नव्हता. त्याला काय होते आहे, हे त्याच्या बाजूने पाहिले गेले, आणि निर्णय घेणाऱ्याने आपले नाव लपविले नाही. साऱ्या शिव्या अंगावर घेतल्या.

आमच्या भागात वाघाने या विचाराला एक विलक्षण फाटा फोडला आहे. जंगलाच्या कडेला चरणारे जनावर वाघाने मारले तर वनखाते नुकसानभरपाई देते. बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरवून दिलेली कमाल रक्कम, यांपैकी कमी असेल ती. वाघ दात पाहत नाही. पंचनामा करणाऱ्याला मात्र पाहावे लागते. आता जिला बाजारात कोणी हात लावला नसता, तिचा बाजारभाव काय लिहायचा? शून्य लिहावे तर शेतकऱ्याच्या घरी रडारड चालली आहे ती कशासाठी? आणि आकडा लिहावा तर मेल्यावर तिला जी किंमत आली ती जिवंतपणी का नव्हती? अशा पंचनाम्याच्या वेळी मी एकदा हजर होतो. म्हातारी गाय होती. घरची बाई भावाविषयी बोलतच नव्हती. ‘चौदा वर्सं माझ्या हातचं पानी पेली जी’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तो मजकूर लिहायला छापील कागदावर रकाना नव्हता. वनरक्षक भला माणूस होता. त्याने लेखणी थांबविली आणि तिचे बोलणे पुरे होऊ दिले.

सणांतही आपण प्रत लावतोच, हे वसुबारसेला पहिली पणती लावताना कधी ध्यानात आले आहे काय? त्या दिवशी पूजा होते ती सवत्स धेनूची. गाय हवी आणि तिच्या पायाशी वासरू हवे. पोळा हा खांद्याचा सण. आदल्या दिवशी हळद-लोणी लावून खांदे मळायचे, तोरणाखाली उभे करायचे ते कामाच्या बैलांना. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी बैल ओढतात. त्या बैलाच्या तोंडात दात नसतात, म्हणून त्याला वयही नसते. भाकडीसाठी मात्र पंचांगात तिथी नाही.

नाही म्हणायला झाडीपट्टीत एक दिवस आहे. बलिप्रतिपदेला गायगोधन असते. गोवारी मंडळी वाद्यांच्या तालावर नाचत येतात आणि गावाच्या आखरावर कळपच्या कळप गोळा होतो. त्यात दुभती, आटलेली, लंगडी, मारकी, सारी असतात. गायकी त्यांना निवडीत नाही, कारण त्याची मजुरी डोक्यामागे ठरलेली असते, दुधामागे नव्हे. त्याच्याजवळ प्रती आहेत, पण त्या त्याच्या आहेत : पुढे चालणारी कोण, मागे रेंगाळणारी कोण, नाल्याला पूर आला तर उतार कोणाला ठाऊक, झुडपात वाघाचा वास आला तर आधी कान कोण उभे करते. आणि पुढे चालणारी बहुधा म्हातारीच असते, घरी जिला भाकड म्हणतात ती.

या गोवारींवर प्रतीच्या एका शब्दाने काय ओढवले, तेही दिवाळी असली तरी सांगितले पाहिजे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड-गोवारी’ असे नाव आहे. आपण त्यात येतो की नाही, हे विचारायला ते २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला विधानभवनावर मोर्चा घेऊन गेले. तेथे चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली. बाया आणि लेकरे पुष्कळ. २०१८ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. न्यायालयाचा तर्क न्यायालयापाशी. गायगोधनाला नाचताना ती माणसे आजही तितकीच बेभान होतात.

कधी कधी प्रत वरही चढते. ज्या आमच्या लहानखुऱ्या गाईला सारे ‘गावरान’ म्हणत, म्हणजे जातकुळी नसलेली म्हणत, तिला काही वर्षांपूर्वी कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने ‘कठाणी’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदून घेतले. धानाच्या चिखलात टिकणारी, थोड्या चाऱ्यावर भागविणारी, असे तिचे गुण आता छापून येतात. गाय कालचीच आहे.

आमच्या शेजारच्या गावी एक शेतकरी आहेत. त्यांच्या जोडीतला एक बैल दोन वर्षांमागे गेला. दुसऱ्याचे दात इतके झिजले आहेत की तोंड उघडून पाहण्यात अर्थ नाही. मी एकदा सहज विचारले, ‘याला अजून ठेवलात?’

‘कोन घेते, गुरुजी?’

‘मग?’

‘सोडाले नेलो होतो ना जंगलात, मागल्या सालच्या जेठात. पार नाल्याच्या पलीकडे. घरच्यांनी माझ्याशी दोन दिवस बोलनं टाकलं.’

‘मग काय झाले?’

‘का होते? मी मधी पानटपरीवर थांबलो. घरी आलो तं हा माझ्या आंधी आंगनात येऊन उभा.’

‘आणि तुम्ही काय केलेत?’

ते माझ्याकडे जरा विचित्रपणेच पाहत राहिले, शिकलेल्या माणसाने हे विचारावे तरी कसे, अशा नजरेने. ‘का करतो जी,’ ते म्हणाले, ‘तनीस टाकली त्याच्यापुढं.’